मास्टवरचा चौकोनी झेंडा नेमका कोणाचा? ॲडमिरलचा झेंडा, ब्रॉड पेनंट आणि फ्लॅगशिप

प्रश्न एका ताईंचा आहे. नेव्ही वीकला मुलीला घेऊन मुंबईत जहाजं बघायला गेल्या होत्या, तिथे एका जहाजावर मागच्या टोकाला नौदलाचा झेंडा, पुढच्या टोकाला तिरंगा, आणि वर मास्टवर, म्हणजे डोलकाठीवर, तिसराच एक चौकोनी झेंडा दिसला. शेजारच्या जहाजावर त्या जागी नुसती लांबलचक अरुंद पट्टी. कोणीतरी सांगितलं की तो चौकोनी झेंडा ॲडमिरल साहेबांचा. तर मुलीने विचारलं की झेंडा देशाचा असतो, फौजेचा असतो, एका माणसाचा स्वतःचा झेंडा कसा काय असू शकतो? आणि ताईंनी पुढे स्वतःचं जोडलंय की हे सगळं इंग्रजांच्या काळातलं मिरवणं आहे का, अजून का ठेवलंय.

मी नौदलात कम्युनिकेशन ब्रँचला होतो, म्हणजे सिग्नल ब्रिज, झेंडे, दिवे, हॅलियार्ड (झेंडा वर ओढायची दोरी) हेच माझं काम, त्यामुळे या प्रश्नावर जरा लांब लिहितो. सुरुवातीलाच सांगतो, मिरवण्याचा भाग त्यात आहे, नाही असं नाही, पण तो झेंडा मुळात मानासाठी निघालेला नाही. ताफ्याचा हुकूम या क्षणी कुठल्या जहाजातून निघतोय, हे लांबून बघणाऱ्याला कळावं म्हणून तो निघाला. बाकी सगळे नियम, म्हणजे कधी चढवायचा, कधी उतरवायचा, माणूस जहाजावर नसेल तर काय, हे त्या एका गोष्टीतून आलेत.

आधी जहाजावर काय काय असतं ते. मागे असतो तो एन्साइन, म्हणजे नौदलाचा झेंडा. पुढे असतो तो जॅक, आपल्याकडे जॅक म्हणून तिरंगाच लावतात, आणि तो जहाज बंदरात किंवा नांगरावर असतानाच. हे दोन्ही सकाळी आठला कलर्सच्या वेळी चढतात. मास्टच्या टोकावर जी अरुंद लांब पट्टी दिसली ती कमिशनिंग पेनंट, तिचा अर्थ हे जहाज सेवेत आहे आणि त्यावर कमांडिंग ऑफिसर आहे. आता त्या जहाजावर रिअर ॲडमिरल किंवा त्याच्या वरचा अधिकारी हुकूम चालवायला आला, म्हणजे नुसता चहा प्यायला नाही, तर ती पट्टी खाली येते आणि त्या जागी त्याचा चौकोनी झेंडा जातो. तो सूर्यास्तालाही उतरत नाही, दिवसरात्र वर राहतो, कारण रात्र झाली म्हणून जबाबदारी संपत नाही. ताईंना शेजारी शेजारी जे दोन प्रकार दिसले त्याचं उत्तर एवढंच आहे, एका जहाजावर फक्त त्याचा कॅप्टन होता, दुसऱ्यावर ताफ्याचा मालक.

एक फरक लोकांच्या लक्षात येत नाही तो हा, की जहाजाचा कॅप्टन आणि ताफ्याचा ॲडमिरल एकाच जहाजावर असले तरी दोघांची कामं वेगळी. जहाज चालवणं कॅप्टनचं, त्याला त्या काळापुरतं फ्लॅग कॅप्टन म्हणतात. ॲडमिरल त्या जहाजाला वळ म्हणून सांगत नाही, तो सगळ्या ताफ्याला वळायला सांगतो. १८०५ मध्ये ट्रफाल्गरच्या समुद्री लढाईत इंग्रजांच्या व्हिक्टरी जहाजाचा कॅप्टन थॉमस हार्डी होता आणि ताफ्याचा ॲडमिरल नेल्सन. म्हणून फ्लॅगशिप हा जहाजाचा कायमचा प्रकार नाही. वारीत माउलींच्या पादुका ज्या रथात तो रथ माउलींचा, तसं झेंडा ज्या जहाजावर ते जहाज फ्लॅगशिप, उद्या झेंडा छोट्याशा बोटीवर गेला तर ती बोट फ्लॅगशिप.

आणि हे नुसतं बोलायला नाही, खरंच झालंय. २४ जानेवारी १९१५, नॉर्थ सीमध्ये इंग्रज आणि जर्मनांची डॉगर बँकची लढाई. व्हाइस ॲडमिरल बीटी लायन या बॅटलक्रूझरवर होता, लायनला इतका मार बसला की ते मागे पडलं. बीटीने काय केलं, अटॅक नावाच्या डिस्ट्रॉयरला शेजारी बोलावलं, त्यात उडी मारली, आणि ती चिमुकली डिस्ट्रॉयर त्याला घेऊन प्रिन्सेस रॉयलच्या मागे धावली, तिथे पोचल्यावर त्याचा झेंडा प्रिन्सेस रॉयलवर. पण यात खरं शिकण्यासारखं आहे ते मधल्या वेळेचं. लायनची बहुतेक सिग्नल हॅलियार्ड तुटली होती, उरली होती ती मोजकी, आणि घाईत दोन वेगवेगळे हुकूम एकत्र वर गेले, एक ईशान्येकडे वळा आणि दुसरा शत्रूच्या मागच्या जहाजांवर हल्ला करा. बाकीच्या जहाजांनी ते एकत्र वाचले, म्हणजे ईशान्येला जे शत्रूचं जहाज आहे त्याच्यावर तुटून पडा. ईशान्येला होतं आधीच अर्धमेलं झालेलं ब्ल्यूशर. सगळे त्याच्यावर गेले, ते बुडालं, आणि जर्मनांची मोठी जहाजं निसटली. बीटी प्रिन्सेस रॉयलवर पोचेपर्यंत उशीर झाला होता. सिग्नलचं काम बघायचा त्याचा फ्लॅग लेफ्टनंट राल्फ सीमोर, त्याच्यावर पुढे बरीच टीका झाली. मला विचाराल तर झेंड्याच्या दोरीशी ज्याने काम केलंय त्याने ही लढाई मुळातून वाचायला हवी, कारण तोफा चालू आहेत, ॲडमिरल जिवंत आहे, हुशार आहे, पण त्याचा हुकूम बाहेर पडायला वाट नाही म्हटल्यावर तो ताफा चालवू शकत नाही.

शंभर वर्षं आधी ट्रफाल्गरलाही हेच. २१ ऑक्टोबर १८०५ ला नेल्सन पडल्यावर हुकूम आला कॉलिंगवूडकडे. त्याचं जहाज रॉयल सॉव्हरिन, त्याचे मास्ट कोसळलेले. मास्ट नाही तर सिग्नल कशावर चढवणार? म्हणून कॉलिंगवूड आपला झेंडा घेऊन युरिॲलस या फ्रिगेटवर गेला. शंभर तोफांचं जहाज सोडून एका हलक्या फ्रिगेटवर, कारण तिचे मास्ट शाबूत होते.

आणि ४ जून १९४२, अमेरिका आणि जपानची मिडवेची लढाई. एकाच दिवशी दोन्ही बाजूंचे झेंडे हलले. सकाळी अकागी हे विमानवाहू जहाज पेटल्यावर जपानचा व्हाइस ॲडमिरल नागुमो नागारा या लाइट क्रूझरवर गेला, आणि दुपारी यॉर्कटाउन या विमानवाहू जहाजाला बॉम्ब लागल्यावर अमेरिकेचा रिअर ॲडमिरल फ्लेचर ॲस्टोरिया क्रूझरवर. फ्लेचरने पुढचं काम स्प्रूअन्सवर सोपवलं, कारण विमानवाहू जहाज स्प्रूअन्सच्या हातात होतं आणि क्रूझरवरून विमानांची लढाई चालवता येत नाही. मोठ्या मनाचा निर्णय होता तो, फ्लेचरला त्याचं श्रेय कमी मिळालं असं मला कायम वाटत आलंय.

आता हुद्द्याप्रमाणे झेंडे वेगळे का. इथे थोडं मागे जावं लागेल, पण हा भाग समजला की बाकीचं आपोआप समजतं. सतराव्या शतकात इंग्रजांचे ताफे इतके मोठे झाले की एका माणसाला सगळी जहाजं दिसायची नाहीत. मग ताफ्याचे तीन भाग केले, लाल, पांढरा आणि निळा. लाल मध्यभागी, पांढरा पुढे, निळा मागे. प्रत्येक भागात परत तीन अधिकारी, मध्ये ॲडमिरल, पुढच्या तुकडीला त्याचा दुय्यम व्हाइस ॲडमिरल, आणि मागच्या तुकडीला रिअर ॲडमिरल, रिअर म्हणजे मागचाच. आता झेंड्याचा रंग सांगायचा कुठला भाग, आणि झेंडा कुठल्या मास्टवर आहे ते सांगायचं कुठला हुद्दा. मधल्या मेनमास्टवर असेल तर ॲडमिरल, पुढच्या फोरमास्टवर असेल तर व्हाइस ॲडमिरल, मागच्या मिझनमास्टवर असेल तर रिअर ॲडमिरल. किती साधी पद्धत आहे बघा, दुर्बिणीतून एक नजर टाकली की रंग आणि जागा दोन्ही कळले. म्हणून ट्रफाल्गरला नेल्सन व्हाइस ॲडमिरल ऑफ द व्हाइट, त्याचा झेंडा पांढरा, फोरमास्टवर. कॉलिंगवूड व्हाइस ॲडमिरल ऑफ द ब्लू, निळा झेंडा, फोरमास्टवरच. ॲडमिरल ऑफ द रेड ही जागा गंमत म्हणजे १८०५ पर्यंत नव्हतीच, कारण लाल भागाच्या मध्यात स्वतः ॲडमिरल ऑफ द फ्लीट असायचा, आणि त्याचा झेंडा मेनमास्टवर युनियन फ्लॅग.

बढती ज्येष्ठतेने व्हायची, एकदा कॅप्टन झालात की वरचे सरकतील तसे तुम्ही सरकणार, निळ्यातून पांढऱ्यात, पांढऱ्यातून लालमध्ये. मग ज्याला ॲडमिरल तर करायचंय पण ताफा द्यायचा नाही अशा माणसाचं काय? त्याला रिअर ॲडमिरल करायचे पण कुठल्याच रंगाचा नाही. लोक अशांना पिवळा ॲडमिरल म्हणायचे. हुद्दा आहे, झेंडा नाही, कारण हुकूम नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तीन रंगांची अडचण लढाईत कळायची. धुरात एकाच ताफ्याची तीन रंगांची निशाणं, आपला कोण आणि परका कोण. म्हणून ट्रफाल्गरला नेल्सनने सगळ्यांना पांढराच एन्साइन लावायला सांगितला, कॉलिंगवूडच्या निळ्या जहाजांनाही. शेवटी १८६४ मध्ये ही रंगांची वाटणी मोडली, पांढरा नौदलाला, लाल व्यापारी जहाजांना, निळा राखीव दलाला आणि सरकारी जहाजांना.

पण मग दुसरी पंचाईत आली. वाफेवरची लोखंडी जहाजं आली आणि मास्ट कमी व्हायला लागले. १८७१ मध्ये पाण्यात उतरलेलं डेव्हास्टेशन, त्याला शिडं नव्हतीच, मास्ट एकच. आता फोर कुठला आणि मिझन कुठला? तीन मास्टच नाहीत तर झेंड्याच्या जागेवरून हुद्दा ओळखायचा कसा? तेव्हा होड्यांवरची जुनी युक्ती कामाला आली. ॲडमिरलच्या होडीला मास्ट एकच, त्यामुळे होडीच्या झेंड्यात व्हाइस आणि रिअर ॲडमिरल आधीपासून गोळे लावायचे. तेच जहाजावर आणलं. पांढऱ्यावर लाल सेंट जॉर्जचा क्रॉस, कोरा असेल तर ॲडमिरल. काठीकडच्या वरच्या चौकोनात एक लाल गोळा असेल तर व्हाइस ॲडमिरल. वर एक आणि खाली एक असे दोन गोळे असतील तर रिअर ॲडमिरल.

इथे नवीन माणूस हमखास गोंधळतो, कारण आपल्या डोक्यात जास्त म्हणजे मोठा. इथे उलटं आहे, मूळ झेंडा पूर्ण ॲडमिरलचा, आणि जेवढे खाली जाल तेवढी खूण वाढते. हे फक्त इंग्रजांचं नाही. जर्मन कैसरच्या नौदलात पांढऱ्यावर काळा क्रॉस, व्हाइस ॲडमिरलला एक काळा गोळा, रिअरला दोन. झारच्या रशियात व्हाइस ॲडमिरलच्या झेंड्याला खाली निळी पट्टी, रिअर ॲडमिरलच्या झेंड्याला खाली लाल. जुन्या जपानी नौदलात ॲडमिरलचा किरणांचा सूर्य, व्हाइस ॲडमिरलला वरच्या कडेला लाल पट्टी, रिअर ॲडमिरलला वर आणि खाली दोन्हीकडे. चारही ठिकाणी विचार एकच, वरिष्ठाचा झेंडा स्वच्छ, कनिष्ठाच्या झेंड्यावर खूण. लांबून बघताना हे बरोबरही आहे, मोठा साहेब चुकून लहान समजला गेला तर भानगड जास्त, म्हणून त्याची खूण सगळ्यात साधी.

अमेरिकनांनी मात्र सरळ मोजणी ठेवली. त्यांच्याकडे मुळात १८६२ पर्यंत ॲडमिरलच नव्हते, हा शब्द त्यांना राजेशाहीचा वाटायचा, कॅप्टन हाच वरचा हुद्दा. यादवी युद्धात नौदल वाढलं, मग जुलै १८६२ मध्ये कायदा करून रिअर ॲडमिरल केले, पहिला डेव्हिड फॅरागट. पुढे १८६६ मध्ये पहिला पूर्ण ॲडमिरलही तोच. आज त्यांचा झेंडा निळा, त्यावर पांढरे तारे, ॲडमिरलला चार, व्हाइस ॲडमिरलला तीन, रिअर ॲडमिरलला दोन आणि त्याच्या खालच्या पायरीच्या रिअर ॲडमिरलला एक. डॉक्टर, पुरवठा, बांधकाम अशा शाखांचा ॲडमिरल असेल तर रंग उलटे, पांढऱ्यावर निळे तारे. म्हणजे लांबून बघतानाच कळतं की हा जहाजं लढवणारा आहे की शाखेचा प्रमुख आहे. ही बारकाई मला खूप आवडते. फ्रेंचांचंही तारेच, पण चौकोनी तिरंग्याच्या निळ्या भागात.

पाच ताऱ्यांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २ सप्टेंबर १९४५, टोकियोच्या उपसागरात मिसुरी जहाजावर जपानची शरणागती. नियम असा की एका जहाजावर सगळ्यात वरिष्ठ माणसाचा एकच झेंडा. पण तिथे नौदलाचा फ्लीट ॲडमिरल निमित्झ होता आणि भूदलाचा मॅकआर्थर, दोघेही पाच ताऱ्यांचे. मग दोघांचे झेंडे, निमित्झचा निळा आणि मॅकआर्थरचा लाल, एकाच मास्टवर एकाच उंचीवर शेजारी शेजारी लावले. सिग्नलवाल्याला विचारा, दोन झेंडे तंतोतंत एका उंचीवर ठेवणं म्हणजे काय काम असतं, वारा एकीकडून आला की एक दोरी ताणते दुसरी सैल पडते, सतत माणूस उभा ठेवावा लागतो.

कमोडोरबद्दल स्वतंत्र सांगायला हवं कारण इथे सगळ्यात जास्त चूक होते. कमोडोर म्हणजे रिअर ॲडमिरलच्या एक पायरी खालचा हुद्दा. ब्रिटिश परंपरेत, आणि आपल्याकडेही, कमोडोर हा फ्लॅग ऑफिसर, म्हणजे चौकोनी झेंड्याचा मान असलेला अधिकारी, नाही. त्याचा झेंडा चौकोनी नसतो, मागून कापलेला, मासळीच्या शेपटासारखा, त्याला ब्रॉड पेनंट म्हणतात. त्यामुळे आकार बघूनच कळतं, चौकोनी असेल तर रिअर ॲडमिरल किंवा वर, शेपूट कापलेलं असेल तर कमोडोर. आणि जिथे फ्लॅग ऑफिसरही नाही आणि कमोडोरही नाही, अशी चार जहाजं एका बंदरात आली तर त्यातला सीनियर कोण हे दाखवायला नाटोच्या पद्धतीत स्टारबोर्ड पेनंट चढवतात, म्हणजे बंदरातल्या माणसाला कळतं की हुकूम कोणाकडून घ्यायचा.

याचा रोजचा उपयोग काय, रेडिओ आहे, डेटालिंक आहे, मग? खरं सांगायचं तर समुद्रात लढताना आज झेंडा बघून कोणी जहाज वळवत नाही. पण बंदरात, नांगरावर, दोन जहाजं एकमेकांजवळून जाताना तो अजून कामाचा आहे. दोन युद्धजहाजं जवळून जातात तेव्हा कनिष्ठाने आधी सलामीची शीळ द्यायची असते, बोसन्स कॉलवर, आणि मग वरिष्ठ उत्तर देतो. कनिष्ठ कोण हे ठरवायला वेळ असतो जेमतेम काही सेकंद. सिग्नल ब्रिजवरचा पोरगा दुर्बीण लावून मास्टचं टोक बघतो आणि ओरडतो, फ्लॅग आहे, मग ब्रिजवर सगळे सरळ होतात. तोफांची सलामीही त्यावर, ब्रिटिश आणि अमेरिकन पद्धतीत ॲडमिरलला १७, व्हाइस ॲडमिरलला १५, रिअर ॲडमिरलला १३, कमोडोरला ११. कायम विषम आकडे, आणि हुद्द्याला दोन दोनचा फरक.

मग साहेब जहाजावर नाहीत, गावात गेलेत, तर? झेंडा वरच राहतो, कारण ताफा अजून त्यांचाच आहे, पण ते जागेवर नाहीत हे सांगणारी वेगळी खूण असते. अमेरिकन नौदलात बंदरात फर्स्ट सब्स्टिट्यूट नावाचं सिग्नल निशाण यार्डवर, म्हणजे मास्टच्या आडव्या दांडीवर, चढवतात, त्याचा अर्थ ज्यांचा झेंडा आहे ते जहाजावर नाहीत. थर्ड सब्स्टिट्यूट म्हणजे कॅप्टन नाही. आपल्याकडे रस्त्यावर तुम्ही हे रोज बघू शकता, कुलाब्याला राहत असाल तर नक्कीच. लष्करी गाडीला ताऱ्यांची लाल पाटी असते आणि पुष्कळदा तिच्यावर झाकण घातलेलं असतं. लोकांना वाटतं गुप्तता आहे. तसं काही नाही, गाडीत साहेब नाहीत, ड्रायव्हर एकटाच निघालाय, म्हणून पाटी झाकली. गाडीला सलाम नाही, आतल्या माणसाला आहे, आणि त्या माणसाकडे आज जी जबाबदारी आहे तिला आहे.

झेंडा चढवायची पद्धत पण सांगतो, कारण ती बाहेर कोणाला माहीत नसते. मोठ्या प्रसंगी तो उघडा करून वर ओढत नाहीत. नीट घडी घालून, गुंडाळून, दोरीच्याच फासाने बांधून छोटी गाठोडी करतात, ती मास्टच्या टोकापर्यंत नेतात आणि तिथे थांबतात. वेळ झाली की खालून एक झटका, फास सुटतो, झेंडा एकदम फडकतो, याला ब्रेक करणं म्हणतात. घडी जास्त घट्ट झाली तर झटका देऊनही सुटत नाही, आणि सैल झाली तर अर्ध्या वाटेवरच सुटते, दोन्ही वेळा खाली सगळे अधिकारी माना वर करून बघत असतात. म्हणून आदल्या दिवशी सराव, त्याच झेंड्याने आणि त्याच दोरीने. दोरीला झेंडा अडकवायला इंगलफील्ड क्लिप असतात, एका हाताने अडकवता आणि काढता येतात, त्यांच्यावर मीठ चढलं की अडकतात, म्हणून पुसून ठेवायच्या. झेंड्याची मोजणी अजून ब्रेड्थमध्ये, एक ब्रेड्थ म्हणजे नऊ इंच. आधुनिक जहाजाच्या मास्टवर रडार आणि अँटेनांची इतकी गर्दी असते की झेंड्याला मोकळी जागा मिळत नाही, वर चिमणीचा धूर, मग पांढरा भाग काही आठवड्यांत करडा. बदलायला लाज वाटू द्यायची नाही, मळका झेंडा वर असण्यापेक्षा कपाटातला नवा काढलेला बरा.

आता आपल्याकडचं. २६ जानेवारी १९५० ला नौदलाच्या नावातला रॉयल शब्द गेला, एन्साइनच्या कोपऱ्यातला युनियन जॅक जाऊन तिथे तिरंगा आला, पण लाल क्रॉस राहिला. १५ ऑगस्ट २००१ ला क्रॉस काढून पांढऱ्यावर निळं नौदलचिन्ह आणलं, तर अडचण अशी झाली की निळा रंग आकाशात आणि पाण्यात मिसळून जायचा, लांबून ओळखू येईना. २००४ मध्ये क्रॉस परत आला, मध्ये अशोकचिन्ह घालून, आणि २०१४ मध्ये त्याखाली सत्यमेव जयते. सिग्नलवाल्या माणसाला यात नवल वाटत नाही, झेंड्याचा अर्थ कितीही चांगला असो, तीन मैलांवरून दिसला नाही तर तो झेंडा म्हणून निकामी. मग २ सप्टेंबर २०२२ ला कोचीला नव्या विक्रांतच्या वेळी आजचा एन्साइन आला, क्रॉस कायमचा गेला आणि सोनेरी दुहेरी काठाचा गडद निळा अष्टकोन आला, शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला. पुढच्या वर्षी, ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिन मालवणला सिंधुदुर्गावर झाला, तिथे खांद्यावरच्या चिन्हांबद्दल घोषणा झाली आणि डिसेंबरअखेर ॲडमिरल लोकांच्या एपोलेटचं नवं डिझाइन आलं, त्यात तोच अष्टकोन, शिवाय भारतीय तलवार आणि दुर्बीण. हा बदल मला मनापासून पटलेला आहे. हुद्दा सांगायची पद्धत जगभरची राहू दे, ती बदलली तर दुसऱ्या नौदलाला वाचता येणार नाही, पण त्यावरची खूण आपली असावी. मुंबईत पश्चिम नौदल कमांडचं मुख्यालय ज्या परिसरात आहे त्याला १९५१ पासून आयएनएस आंग्रे हे नाव आहे, ज्या कान्होजींशी इंग्रज लढत होते त्यांचं, तेव्हा ही सुरुवात तशी जुनीच आहे.

किनाऱ्यावरचा झेंडा आणि समुद्रावरचा झेंडा यातला फरक १९७१ मध्ये छान दिसतो. पश्चिमेला कमांडचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कोहली मुंबईत बसून सगळं बघत होते, आणि ताफ्याचे प्रमुख रिअर ॲडमिरल कुरुविला समुद्रात, आयएनएस म्हैसूरवर. पूर्वेला तसंच, व्हाइस ॲडमिरल कृष्णन विशाखापट्टणमला आणि रिअर ॲडमिरल शर्मा विक्रांतवर. लोक विचारतात दोन दोन ॲडमिरल कशाला, तर एकाला पूर्ण किनाऱ्याचं, रसदीचं, विमानांचं, दिल्लीचं बघायचं असतं, दुसऱ्याने समोरची लढाई बघायची. आणि कराचीवर ज्या क्षेपणास्त्र बोटी गेल्या त्यांचे स्क्वॉड्रन कमांडर बबरूभान यादव, हुद्दा कमांडर, म्हणजे फ्लॅग ऑफिसर नव्हे, त्या रात्री पुढे तेच होते.

मराठी वाचकांसाठी हेही सांगतो, हा झेंडा आपल्या माणसांनी पुष्कळ वेळा वर नेलाय. व्हाइस ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण १९६२ ते १९६६ नौदलप्रमुख होते, ॲडमिरल जयंत नाडकर्णी १९८७ ते १९९०, आणि पश्चिम कमांडचे प्रमुख राहिलेले व्हाइस ॲडमिरल मनोहर औटी निवृत्त होऊन फलटणजवळ विंचुर्णीला राहिले आणि तिथून पोरांना शिडाच्या बोटीने पृथ्वीप्रदक्षिणेला पाठवायचं वेड त्यांनी धरलं. सोमण नौदलप्रमुख असूनही व्हाइस ॲडमिरल कसे असं काहींना वाटेल, तर तेव्हा प्रमुखाचा हुद्दा तोच होता, पूर्ण ॲडमिरल आपल्याकडे १९६८ मध्ये झाले, ॲडमिरल चटर्जी.

मुलीच्या प्रश्नाला अजून एक जोड. आपल्या राष्ट्रपतींचाही एकेकाळी स्वतःचा झेंडा होता, चार भागांचा, त्यातल्या एका भागात अजिंठ्याच्या चित्रातला हत्ती. १९७१ मध्ये तो बंद केला, तेव्हापासून राष्ट्रपतींसाठी तिरंगाच. त्यामुळे डिसेंबर २०११ मध्ये मुंबईच्या समुद्रात प्रतिभाताई पाटलांनी आयएनएस सुभद्रावरून ताफ्याची पाहणी केली तेव्हा त्यांच्यासाठी वेगळा खासगी झेंडा नव्हता. मला हे योग्य वाटतं. राष्ट्रपती सगळ्या देशाचे, त्यांना देशाचाच झेंडा. ॲडमिरल एका ताफ्याचा किंवा एका कमांडचा, आणि तोही बदली होईपर्यंत, म्हणून त्याला वेगळी खूण लागते. त्याची बदली झाली की सूर्यास्ताला झेंडा उतरतो, पुष्कळदा अधिकारी स्वतः वल्ही मारत त्याला बोटीतून किनाऱ्यावर सोडतात, आणि दुसऱ्या दिवशी नव्या माणसाचा झेंडा चढतो. उतरलेला माणूस हुद्द्याने ॲडमिरलच असतो, पण हुकूम नाही तर मास्टवर झेंडा नाही, पिवळ्या ॲडमिरलचं वर सांगितलं ते इथेही लागू.

परदेशी जहाजं मुंबईत येतात तेव्हा ओळखायला एवढं पुरे: आधी आकार बघा, चौकोन की शेपूट. मग खूण काय आहे ते बघा, आणि कुठल्या देशाचं जहाज आहे ते लक्षात ठेवा, कारण ब्रिटिश झेंड्यावर एक गोळा म्हणजे व्हाइस ॲडमिरल, पण अमेरिकन झेंड्यावर एक तारा म्हणजे खालच्या पायरीचा रिअर ॲडमिरल. अमेरिकन असेल तर झेंड्याचा मूळ रंग निळा आहे की पांढरा तेही बघा. आणि मास्टवर नुसती लांब पट्टी असेल तर त्या जहाजावर कॅप्टनच्या वर कोणी नाही, जे विचारायचं ते त्यालाच विचारायचं.